ही रांग कशाची आहे हो?

...आणि वर मलाच सांगतात, "ए मुली, मधे घुसू नकोस." मला. माझ्या सख्ख्या आजोबांना निरोप द्यायचाय, माझी सख्खी आजी तिकडे दाराशी एकटी उभी आहे, तिच्या पिशवीत आजोबांची रक्षा आहे, मी तिच्याकडे निघालेय, तर एक बाई हात आडवा घालते आणि म्हणते, "मधे घुसू नकोस, आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत का इथे?" आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? उत्तर होतं माझ्याकडे, अगदी तोंडात होतं, पण ती माझ्या आजीच्या वयाची होती. मला फक्त इतकं कळू दे, स्वतःच्या आजोबांच्या अंत्यविधीत माणूस मधे कसा काय घुसतो? मी भांडत नाहीये हं. मी फक्त विचारतेय.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुमचाही माझ्यासारखा गोंधळ व्हायचा.

माझे आजोबा, वर्नन क्रूगर, अडतीस वर्षं ओहायोतल्या टोलेडोमध्ये पावाची गाडी चालवायचे. जानेवारीत गेले. जायच्या आधी त्यांनी एकच सांगून ठेवलं होतं, "मला ओहायोच्या जमिनीत पुरू नका, ती अर्धं वर्ष गोठलेली असते आणि मला थंडी सोसत नाही. मला त्या निळ्या पाण्यात सोडा." निळं पाणी म्हणजे फ्लोरिडा सोडून मेक्सिकोकडे जाताना लागतं ते. आजीला घेऊन अकरा वेळा असल्या सहलीच्या जहाजावर गेलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? आणि जहाजवाले परवानगी देतात, तुम्हाला सांगते. अर्ज करायचा, दाखले जोडायचे, रक्षा पाण्यात विरघळणाऱ्या कलशात न्यायची. आमचा कलश मिठाचा होता, दिसायला थेट साखरेच्या भांड्यासारखा. मग ते तुम्हाला वेळ ठरवून देतात. आम्हाला मिळाली सफरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची. चौथ्या मजल्यावरचा मागचा डेक, दहा ते दहा दहा. तेवढी दहा मिनिटं कॅप्टन जहाज हळू चालवणार, नंतर किनारा जवळ येतो, तिथे काही सोडायची परवानगी नाही. म्हणजे वेळ हुकली की हुकली, आजोबा परत टोलेडोला, बर्फात.

माझी आई नर्स आहे, तिला रजा मिळाली नाही, म्हणून तिने मला पाठवलं. विमानतळावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "टेसा, तुला एकच काम आहे. कलश सोडताना आजीचा हात धरायचा. बस. दुसरं काही करू नकोस. कोणाशी भांडू नकोस." मी म्हटलं, "मी कशाला भांडेन?" तर आई नुसती बघत राहिली माझ्याकडे. एक काम, बघा. हात धरायचं. तीन वर्षांच्या पोरालाही जमेल असं काम.

पण आईने मला हे सांगितलं नव्हतं, की जहाजावर तीन हजार माणसं असतील आणि त्यातली अडीच हजार साठीच्या पुढची असतील आणि त्यांनी आपला शहाणपणा घरी कपाटात कुलूप लावून ठेवलेला असेल. आयुष्यभर हीच माणसं आम्हाला शिकवत आली ना? आधी उतरणाऱ्याला उतरू द्या, ताटात मावेल तेवढंच घ्या, मोठ्याने बोलू नका, आपली पाळी येईपर्यंत थांबा. आणि तुमच्या पिढीला काही वळणच नाही, तुम्ही त्या फोनमध्ये डोकं घालून बसता, हेही वर ऐकवायचं. बरं. मग मला सांगा, लिफ्टचं दार उघडलं की आतली माणसं बाहेर यायच्या आधी ही सगळी मंडळी आत का घुसतात? आणि घुसल्यावर विचारतात, "खाली चाललीये ना?" नाही, वर चाललीये. "असू दे, असू दे, खाली येईलच कधीतरी." म्हणजे ज्यांना तिसऱ्या मजल्यावर जायचंय ते अकराव्या मजल्यावर फिरून येतात, जागा धरून ठेवायला. लिफ्टमध्ये, लक्षात घ्या.

नाश्त्याच्या टेबलाशी एक गृहस्थ टरबूज वाजवून बघावं तसा एकेक पाव दाबून बघत होता. आठ दाबले, नववा घेतला. मी चिमटा पुढे केला तर म्हणतो, "नको गं, मला हातानेच अंदाज येतो." नाट्यगृहात एका बाईने अख्खी ओळ धरलेली, एका खुर्चीवर स्वेटर, एकीवर चप्पल, एकीवर चष्म्याचं घर आणि एकीवर, खोटं सांगत नाही, अर्धं खाल्लेलं सँडविच. मी विचारलं, "इथे कोणी बसलंय का?" म्हणाली, "हो, माझी बहीण." मी त्या सँडविचकडे बघितलं. सँडविचने माझ्याकडे बघितलं. वाचनालयात, जिथे 'शांतता राखा' अशी पाटी आहे, त्या पाटीखाली बसून एक आजोबा फोनच्या स्पीकरवर आपल्या मुलाला हर्नियाच्या ऑपरेशनचे टाके कुठून कुठपर्यंत आहेत ते समजावून सांगत होते, आणि मुलगा तिकडून ओरडत होता, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे." मी समाजशास्त्रात पदवी घेतलीये, चार वर्षं घासून. माणसं नियम का पाळतात यावर आम्हाला अख्खं सत्र होतं. का पाळत नाहीत यावर नव्हतं. मी भांडत नाहीये, मी फक्त विचारतेय.

तर तो दिवस. सकाळी साडेनऊलाच आम्ही चौथ्या मजल्यावर त्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिलो. आजीने तिचा निळा ड्रेस घातलेला, केस नीट बसवलेले, हातात पिशवी, पिशवीत कलश. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं, वाऱ्यात ते शिट्ट्या मारतं म्हणून. तिथे मिलेना आली. ती जहाजाच्या कचेरीतली, माँटेनेग्रोची, फार गोड मुलगी, साधारण माझ्याच वयाची. ती म्हणाली, "श्रीमती क्रूगर, तुम्ही इथेच थांबा, मी वर कॅप्टनच्या माणसांशी बोलून येते, मग दार उघडू." आणि गेली. म्हणजे आता चित्र असं, की एक बंद दार, दारासमोर मखमली दोरी, आणि दोरीपाशी दोन बायका, एकीमागे एक, शांत उभ्या.

तुम्ही जर कधी असल्या जहाजावर गेला असाल तर पुढे काय झालं ते मी सांगायची गरज नाही.

एक गृहस्थ आला. सत्तरीचा, कडक इस्त्रीची हाफ पँट, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला जहाजाच्या कंपनीने दर सफरीला दिलेले बिल्ले, इतके की चालताना वाजत होते. आमच्या मागे येऊन उभा राहिला, पायांवर जरा डुलला आणि आजीला म्हणाला, "रांग इथूनच सुरू होते ना?"

आता माझी आजी ही ओहायोची बाई. तिने जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नाही. दारावर झाडू विकायला आलेल्याकडून तिने चार झाडू घेतलेत. त्यात तिला ऐकू आलं नव्हतं. ती गोड हसली आणि म्हणाली, "हो, बहुतेक."

संपलं.

त्या माणसाचं नाव ड्वेन. इंडियानाचा. एक्केचाळिसावी सफर, हे त्याने पहिल्या मिनिटातच सांगितलं. त्याच्यामागे दोघं आली, त्यांच्यामागे एक जोडपं, मग चौघी मैत्रिणी एकसारखे टी-शर्ट घातलेल्या, आणि मी मान वळवून बघते तो रांग जिन्यापर्यंत. रांगेत कोणालाच माहीत नव्हतं रांग कशाची आहे, आणि एकालाही त्याचं काही वाटत नव्हतं. "झिंग्यांचा नाश्ता आहे म्हणे." "नाही हो, स्वयंपाकघर दाखवायला नेतात, मागच्या वेळी नेलं होतं." "कॅप्टनबरोबर फोटो आहे." एक म्हातारा तर म्हणाला, "मला काही कल्पना नाही, पण इतकी लांब रांग आहे म्हणजे काहीतरी चांगलंच असणार." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. याला काय म्हणायचं?

मी ड्वेनला सांगितलं. अगदी शांतपणे, आईची शपथ. म्हटलं, "ही रांग नाहीये."

तो हसला, डोळा मारला. "पुढे उभे असलेले नेहमी असंच म्हणतात."

"अहो, खरंच. हा आमचा खाजगी कार्यक्रम आहे. माझे आजोबा वारलेत. आम्ही त्यांची रक्षा सोडायला आलोय."

ड्वेन एक क्षण गंभीर झाला. मग मागे वळून त्या चार टी-शर्टांना म्हणाला, "ही पोरगी म्हणते अंत्यविधी आहे." त्यातली एक म्हणाली, "काल चॉकलेटच्या कारंज्यापाशी मला सांगितलं होतं, बिघडलंय म्हणून. दहा मिनिटांनी जाऊन बघते तर सगळे वाट्या भरून खातायत." दुसरी म्हणाली, "आजकालची मुलं काहीही बोलतात, बाई. पूर्वी मृत्यूच्या गोष्टीची तरी चेष्टा करत नसत." म्हणजे मी खरं बोलले, तर मी निर्लज्ज. आणि ते खोट्या रांगेत उभे, तर ते शिस्तीचे. मी भांडत नाहीये, मी फक्त विचारतेय.

तोवर दहाला पाच कमी. मिलेनाचा पत्ता नाही. आजी आपली दोरीपाशी, पिशवी पोटाशी धरून, मागच्या गर्दीकडे बघून मधूनमधून हसतेय. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "आजी, हलू नकोस, मी मिलेनाला घेऊन येते." ती म्हणाली, "हो गं, छान आहेत सगळे." मी धावत कचेरीत. कचेरीसमोर रांग, ती मात्र खरी, त्या रांगेत एक काका खोलीतली उशी बदलून मिळावी म्हणून उशी घेऊनच आलेले. मिलेना तिथे नाही, ती वर गेलीये. मी वर. वर नाही, ती खाली गेलीये. मी जिन्याने, कारण लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्याची माणसं अकराव्याकडे निघालेली. परत येते तो रांग जिना ओलांडून दुकानांपर्यंत गेलेली, आणि मी पुढे निघाले तर ती बाई. गळ्यात बॅटरीचा पंखा अडकवलेली, तोंडावर वारा घेत उभी. हात आडवा. "मधे घुसू नकोस."

म्हटलं, "बाई, मी पुढे उभी होते. ती समोर निळ्या ड्रेसमध्ये आहे ना, ती माझी आजी."

"सगळ्यांची कोणी ना कोणी पुढे असतेच."

"मी तुम्हाला दाखवते. आजी. ए आजी."

आजीला ऐकू आलं नाही, पण कोणीतरी तिला खूण केली असावी, ती वळली आणि तिने हात केला. छान, मोकळेपणाने. मी म्हटलं, "बघितलंत?" पंखेवाली म्हणाली, "ती सगळ्यांनाच हात करतेय." आणि खरंच, आजी सगळ्यांना हात करत होती. पूर्ण रांग उलट तिलाही हात करत होती.

मी मुकाट उभी राहिले. सत्तेचाळिसावी. मोजलं मी, दुसरं करणार काय होते? सत्तेचाळिसावी, आणि घड्याळात दहाला एक मिनिट कमी, आणि मला एकच काम दिलेलं. तुम्ही म्हणाल, ढकलून का नाही गेलीस? गेले असते. पण माझ्यापुढे एक काठीवाले होते आणि एक बाई चाकांच्या खुर्चीत होती, आणि मला शिकवलेलंय ना हो या लोकांनीच, लहानपणी, ढकलायचं नाही म्हणून.

दार उघडलं. मिलेना आतल्या बाजूने आली होती, दुसऱ्या जिन्याने. तिने पाहिलं, आजी, आणि आजीमागे जिन्यापर्यंत माणसं. तिच्या चेहऱ्यावर मला लांबूनही दिसलं, की ती हादरलीये. तिने विचारलं, "क्रूगर कुटुंब?"

ड्वेनला वाटलं असणार, क्रूगर म्हणजे पहिल्या गटाचं नाव. तो छाती काढून म्हणाला, "हो. आम्ही सगळे एकत्र."

आता या जहाजावरच्या नोकरांना प्रवाशाला नाही म्हणायची मुभाच नसते. काहीही मागा, "नक्की, बघते मी." आणि माझी आजीही नाही म्हणत नाही. आणि ड्वेनला तर नाही हा शब्द कोणी कधी ऐकवलेलाच नसावा. म्हणजे त्या तीन हजारांत नाही म्हणणारी मी एकटी, आणि मी सत्तेचाळिसावी. मिलेनाने दोरी सोडली. सगळे आत.

डेकवर त्यांनी सहा खुर्च्या मांडल्या होत्या, पांढरं कापड घालून. मी बाहेर पोचले तोवर सहाही भरलेल्या. पाचांवर माणसं आणि सहाव्या खुर्चीवर ड्वेनची टोपी. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, अंत्यविधीलाही टोपी टाकून जागा धरतो हा माणूस? तेवढ्यात कोणीतरी ती टोपी उचलायला गेलं, तर ड्वेन गुरकावला, "ती धरलेली आहे. ती बाई सगळ्यात आधी आली होती." आणि त्याने आजीला हाताला धरून आणून तिथे बसवलं. मी काय करू आता याचं? रागवायला मी तयार होते, तोंड उघडलेलं होतं, आणि त्याने मधेच असं केलं.

मिलेना पुढे आली. वारा होता, जहाज हळू झालेलं कळत होतं, पायाखालची ती घरघर एकदम कमी झाली. ती म्हणाली, "आज आपण सगळे वर्नन क्रूगर यांना निरोप द्यायला जमलो आहोत."

साठ माणसं हळूहळू एकमेकांकडे बघतायत. टी-शर्टवाल्या चौघींपैकी एकीच्या हातात नाश्त्याची ताटली होती, रिकामी, झिंग्यांसाठी आणलेली, ती तिने पाठीमागे लपवली. मला वाटलं, आता निघतील. आता लाज वाटेल, मान खाली घालून एकेक निघेल, अजून आठ मिनिटं आहेत, जमेल. कोणी हललं नाही. एकही माणूस नाही. का? मी नंतर एकाला विचारलं, त्याने सरळ सांगितलं, "अगं, पंचवीस मिनिटं उभे होतो आम्ही." म्हणजे रांगेत उभं राहून जे मिळेल ते घ्यायचं. झिंगे मिळाले तर झिंगे, वर्नन मिळाला तर वर्नन.

पंखेवाली माझ्या शेजारीच होती. माझ्या कानात म्हणाली, "नंतर खायला आहे ना काही?" मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे, मग परत माझ्याकडे. मग हळूच गळ्यातला पंखा बंद केला.

पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिथे दोरखंड गुंडाळायचा एक लोखंडी खुंट होता, मी त्याच्यावर चढले. मी ओरडून सांगणार होते, अहो, तुम्ही कोण आहात, आमचे कोणी नाही आहात तुम्ही, जा सगळे, माझ्या आजीला दहा मिनिटं द्या. वाक्य तयार होतं. आणि वरून मला आजी दिसली. ती खुर्चीतून मागे वळली होती आणि बोट हलवत होती, ओठ हलत होते. मोजत होती. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकेक माणूस मोजत होती.

तुम्हाला जानेवारीचं सांगायचं राहिलंच. टोलेडोमध्ये आजोबांच्या शोकसभेच्या दिवशी बर्फाचं वादळ आलं होतं. रस्ते बंद. आजीने साठ माणसांची हॅम सँडविचं केली होती, अडतीस वर्षं पाव वाटलेला माणूस, म्हणाली, सगळं गाव येईल. नऊ माणसं आली. त्यातली दोन अंत्यविधीच्या कंपनीची होती. ती सँडविचं आजीने फ्रीजरमध्ये ठेवली आणि एप्रिलपर्यंत एकटी खात होती, रोज दुपारी एक, आणि आम्ही कोणी गेलो की म्हणायची, "बर्फ होता ना, नाहीतर आले असते."

मी खुंटावरून खाली उतरले. काही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा, असं आई म्हणते.

मिलेनाने विचारलं, "कोणाला दोन शब्द बोलायचेत?" आणि ड्वेन उठला. अर्थातच. बिल्ले वाजले. म्हणाला, "मी वर्ननला ओळखत नव्हतो. पण मी त्याच्या बायकोच्या मागे पंचवीस मिनिटं उभा होतो आणि तिने एकदाही चिडचिड केली नाही. जो माणूस अशा बाईबरोबर राहिला, तो वाईट असणं शक्य नाही. आणि या रांगेत तो पहिल्या नंबरावर आलाय, हेही मी मान्य करतो." मागून कोणीतरी "खरंय" म्हणालं.

मग आजी उभी राहिली. कलश पिशवीतून काढला. म्हणाली, "जानेवारीत बर्फ फार होता, म्हणून तुम्हाला कोणाला येता आलं नाही. आज आलात. बरं वाटलं."

आणि ती गर्दी, जी टेक्सास, इंडियाना, जॉर्जिया, कुठून कुठून आलेली, तिच्यातून कोणीतरी अगदी मनापासून म्हणालं, "हो ना, रस्ते फार खराब होते."

यावर मी हसायचं का रडायचं? मी भांडत नाहीये. मी फक्त विचारतेय.

दहा वाजून सात मिनिटांनी आजी कठड्याशी गेली. मी जायला निघाले, आईची शपथ, निघाले होते, पण पुढे एकदम सगळे फोन वर, कोणीतरी ओरडतंय, "पुढचे जरा खाली बसा, दिसत नाही," आणि मला कोपरांमधून दिसलं ते एवढंच, की आजीच्या एका हाताला ड्वेन आहे आणि दुसऱ्या हाताला ती रिकाम्या ताटलीवाली. म्हणजे मला दिलेलं एकमेव काम इंडियानाचा एक अनोळखी माणूस करत होता. कलश खाली गेला. जरा तरंगला, कलंडला, आणि ते निळं पाणी त्याच्यावरून सरकलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विमान उतरल्यावर वाजवतात ना, तशा. आणि आजी इतकी खूश झाली, की तिने वळून मान लववली.

एवढ्यावर थांबायचं की नाही? नाही. मिलेनाने आजीला एक प्रमाणपत्र दिलं. त्याच्यावर कॅप्टनची सही, आजोबांचं नाव, आणि ज्या जागी त्यांना सोडलं तिथले अक्षांश-रेखांश. सुंदर कागद, सोनेरी कडा. ड्वेनने तो वाचला आणि मिलेनाला विचारलं, "आमचे कुठे आहेत?" आणि मिलेना, बिचारी, तिला नाही म्हणता येत नाही, म्हणाली, "नक्की, बघते मी." पाच मिनिटांत गठ्ठा घेऊन आली. म्हणजे आज इंडियानात, टेक्सासात, जॉर्जियात कुठल्या कुठल्या घरांमध्ये फ्रिजच्या दारावर माझ्या आजोबांचं प्रमाणपत्र लावलेलं आहे, आणि त्या घरांत त्यांना कोणी ओळखत नाही. सांगा ना मला, याचा अर्थ काय होतो? मी पुस्तकं चाळली. सापडत नाही.

आणि गठ्ठा आला म्हटल्यावर काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. रांग. आपोआप, कोणी न सांगता. मिलेना कागद देणार, आणि तिच्या शेजारी आजी, प्रत्येकाचा हात हातात घेऊन, "आल्याबद्दल आभार, कुठले तुम्ही?" मग ते सांगायचे, आम्ही टल्साचे, आम्ही मेकनचे, आणि आजी प्रत्येकाला, "एवढ्या लांबून आलात." चष्मा तिने काढून पिशवीत टाकला होता, खारा वारा आणि डोळ्यांतलं पाणी, काचांवर काही दिसत नव्हतं तिला. पण हात एकाचाही सोडला नाही. मी कडेने जायला बघितलं, तर पंखेवाली नुसती माझ्याकडे बघून हसली आणि शेवटाकडे बोट दाखवलं. यावेळी जरा प्रेमाने.

मग काय, गेले मी शेवटी. उभी राहिले. अर्धा तास. पुढच्या काकांनी मला हर्नियाची गोष्ट सांगितली, हो, तेच काका. माझ्या मागे आणखी माणसं येऊन लागली, ज्यांना आत काय झालं याचा पत्ताच नव्हता, आणि एकाने मला विचारलं, "ही रांग कशाची आहे हो?" मी म्हटलं, "वर्नन क्रूगरची." तो म्हणाला, "अरे वा," आणि उभा राहिला.

शेवटी माझी पाळी आली. आजीने माझे दोन्ही हात धरले. घट्ट. तिचे हात गार होते आणि जरा चिकट, मिठाने. ती चष्म्याशिवाय माझ्या तोंडाकडे बघत, अगदी मायेने म्हणाली, "आल्याबद्दल फार आभार हं. कुठल्या तुम्ही?"

मी तिच्या कानाशी वाकून ओरडले, "टोलेडोची."

"काय सांगता? आम्हीपण टोलेडोचेच. तुम्ही वर्ननला ओळखत होता?"

मी म्हटलं, "हो. चांगलं ओळखत होते." आणि मग मी तिला सांगणारच होते, अगं आजी, मी आहे, टेसा, पण मागून आवाज आला, "अहो बाई, गप्पा नंतर मारा, मागे लोक ताटकळलेत."

सरकले मी पुढे.